रॉड एंड बेअरिंग निवडताना बोअरचं माप सगळ्यात शेवटी

रॉड एंड म्हणजे दांड्याच्या टोकाला लागणारा जोड: डोक्यात सर्व बाजूंनी हलणारा बॉल, बॉलमध्ये बोल्टसाठी भोक (तेच बोअर) आणि डोक्यामागे आट्यांचा शँक. 'दहाचा रॉड एंड द्या' म्हटलं की मुंबईच्या नागदेवीतला काय, पुण्याजवळच्या भोसरीतला काय, दुकानदार काहीतरी काढून देतोच. दहाच्या बोअरचे चार-पाच वेगळे नग त्याच्याकडे असतात. बोअर सगळ्यांचं सारखं, पण बॉलची रुंदी, आट्यांचं पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर), आटे सुलटे की उलटे, आतलं अस्तर हे सगळं वेगळं. त्यातला एक आणला जातो, मशीनवर बसतोही. काही आठवड्यांनी शँक आट्यातून तुटतो, नाहीतर बॉल खुळखुळायला लागतो आणि 'माल डुप्लिकेट निघाला' असा निष्कर्ष निघतो. माल डुप्लिकेट असूही शकतो, पण बऱ्याचदा निवडीचा क्रमच उलटा असतो. आधी बोअर, मग आटे, आणि बाकीचं जमेल तसं.

क्रम असा हवा: हालचाल, कोन, बळ, बळाची दिशा, घासणाऱ्या पृष्ठभागाचा प्रकार, आटे. हे सगळं ठरलं की बोअर आपोआप ठरतं. खाली एसपीएमवर (एकाच ठरावीक कामासाठी बनवलेल्या मशीनवर) नेहमी दिसणारी एक रचना उदाहरणासाठी घेतली आहे: ६३ मिमी बोअरचा (इथे बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास) न्यूमॅटिक सिलिंडर बेल क्रँकच्या (दोन हातांच्या कोनाकार लिव्हरच्या) लांब हाताला ढकलतो आणि आखूड हाताला जोडलेली लिंक क्लॅम्प दाबते. शेतीच्या अवजारावरचा लिव्हर असो किंवा विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाडीचा टाय रॉड, पायऱ्या याच.

## १. हालचाल कागदावर उतरवा

लिंकेजचं बाजूने आणि वरून असं दोन्हीकडून चित्र काढा. कॅडमध्ये असेल तर उत्तम, नाहीतर पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या वापरून खऱ्या मापाचं मॉडेल केलं तरी पुरतं. त्यातून प्रत्येक जोडासाठी दोन आकडे काढायचे:

- लिंक बोल्टभोवती किती अंश झुलते
- लिंक बोल्टच्या काटकोनातून बाजूला किती अंश कलते

या दोन आकड्यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. बोल्टभोवतीच्या झुलण्याला रॉड एंडला काहीच मर्यादा नाही, तो गोल फिरू शकतो. मर्यादा असते ती कलण्याला. लिव्हर ४० अंश झुलतो म्हणून ४० अंशांचा महागडा जोड शोधणारे बरेच असतात. सगळे बोल्ट एकमेकांना समांतर असतील, तर ते ४० अंश झुलण्याच्या खात्यात जातात. कलण्याच्या खात्यात फक्त जोडणीतली चूक येते.

ती चूक किती, हे काढणं सोपं आहे. १५० मिमी लांबीच्या लिंकची दोन टोकं वरून पाहता १२ मिमी सरकलेली असतील, तर कोन साधारण ४.६ अंश येतो. हा कोन कायम राहतो, मशीन चालो वा थांबो.

दोन लिव्हर एकमेकांना काटकोनात फिरत असतील तर मात्र गणित बदलतं. ६० मिमीचा हात दोन्ही बाजूंना २५ अंश फिरला, तर त्याचं टोक मधल्या स्थितीपासून सुमारे २५ मिमी बाजूला जातं. लिंक २०० मिमी लांब असेल तर कोन ७.३ अंश. लिंक १०० मिमीची केली तर तोच कोन १४ च्या पुढे जातो. त्यामुळे अशा रचनेत मोठ्या कोनाचा जोड शोधण्याआधी लिंक लांब करता येते का ते बघा. फुकटात होणारं काम आहे.

तपासा: दोन्ही टोकांच्या स्थिती आणि मधली स्थिती, अशा तीन ठिकाणी कलण्याचा कोन मोजला का? कॅटलॉगमधला कोन मध्यापासून एका बाजूचा असतो. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला २ अंश येत असतील, तर लग (बोल्ट धरणारी प्लेट) सरकवून दोन्हीकडे ७-७ करून घ्या.

## २. कॅटलॉगमधला कोन तुमच्या फोर्कमध्ये मिळतो का?

के मालिकेतला (मापांची एक प्रमाण मालिका, पुढे ७ मध्ये पाहा) १० मिमी बोअरचा नग घेऊ. बॉलची रुंदी १४ मिमी, डोक्याची जाडी १०.५ मिमी, बॉलचा व्यास १९.०५ मिमी, आणि डोक्याचा बाहेरचा व्यास २८ मिमी धरू. कॅटलॉगमध्ये कोन १३-१४ अंश लिहिलेला असतो. पण हा रॉड एंड दोन सपाट प्लेटांच्या फोर्कमध्ये बसवला, तर तो साडेसात अंशांच्या आसपासच अडतो. बॉल डोक्याच्या दोन्ही बाजूंना फक्त १.७५ मिमी बाहेर असतो, त्यामुळे डोक्याची कड प्लेटला आधी टेकते.

१४ अंश केव्हा मिळतात? बॉलच्या सपाट तोंडाला टेकणारा भाग त्या तोंडाएवढाच, म्हणजे १३ मिमी व्यासाचा असेल तेव्हा. १० च्या बोल्टचा नेहमीचा २० मिमी व्यासाचा वॉशर थेट बॉलला लावला, तर तोच वॉशर साडेनऊ अंशांच्या आसपास डोक्यावर टेकतो.

यावर उपाय म्हणजे बॉलच्या दोन्ही बाजूंना १३ मिमी व्यासाचे, बॉलकडे निमुळते होणारे स्पेसर. लेथवर अर्ध्या तासाचं काम आहे. स्पेसर जितका जाड, तितकी प्लेट डोक्यापासून लांब जाते. पण फोर्कही तितकाच रुंद करावा लागतो आणि बोल्टवरचा वाकवणारा ताण वाढतो. दोन्ही बाजूंना ४-५ मिमी पुरे होतात.

खबरदारी: गरजेच्या कोनावर किमान २-३ अंश शिल्लक ठेवा. कोन संपला की डोकं प्लेटवर अडतं आणि लिंक पहार टाकल्यासारखी शँकलाच उचकटते. असा तुटलेला शँक डोक्यालगतच्या पहिल्या-दुसऱ्या आट्यात तुटलेला दिसेल आणि प्लेटवर चंद्रकोरीसारखा चकचकीत घासा उमटलेला असेल. तो घासा दिसला तर नवा रॉड एंड बसवून उपयोग नाही, तोही तिथेच तुटणार.

## ३. बळ काढा, मग गुणा, मग कॅटलॉग उघडा

६३ मिमीच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ ३११७ चौरस मिमी. ६ बार म्हणजे दर चौरस मिमीला ०.६ न्यूटन. बळ झालं १८७० न्यूटन. घर्षण सोडून द्या, सुरक्षित बाजूलाच राहू.

सिलिंडर बेल क्रँकच्या १५० मिमीच्या हाताला आणि लिंक ६० मिमीच्या हाताला आहे. म्हणजे लिंकमध्ये अडीच पट बळ: ४६७५ न्यूटन. सिलिंडरच्या टोकाचा रॉड एंड आणि लिंकचे रॉड एंड एकाच मापाचे घेण्याची सवय इथे नडते. एकाच हवेवर चालणाऱ्या या दोन जोडांवर येणाऱ्या बळात अडीच पटीचा फरक आहे.

पुढे धक्का. क्लॅम्प कुशनशिवाय वस्तूवर आदळत असेल तर निदान दुप्पट धरा: ९३५० न्यूटन. वापरलेला हवेचा दाब कोणीतरी उद्या ६ चा ७ करणार, हेही डोक्यात असू द्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. कॅटलॉगमधली स्थिर भारक्षमता एकाच दिशेने, सावकाश येणाऱ्या बळासाठी असते. कमी-जास्त होणाऱ्या किंवा ओढ-दाब असं उलटसुलट होणाऱ्या बळासाठी ती निम्मी धरायची पद्धत आहे. डोक्यात ग्रीस निप्पलचं भोक असेल तर ०.३५ पट, कारण भोकापाशी डोकं कमकुवत होतं आणि तिथूनच चीर धरते. म्हणजे आपल्या लिंकसाठी:

- निप्पल नसलेला: ९३५० भागिले ०.५, म्हणजे किमान १८.७ किलोन्यूटन
- निप्पल असलेला: ९३५० भागिले ०.३५, म्हणजे किमान २६.७ किलोन्यूटन

आता हा आकडा घेऊन कॅटलॉगमध्ये जा. एकाच बोअरच्या दोन मेकच्या क्षमतेत बराच फरक दिसेल. ज्या मेकचा कॅटलॉगच मिळत नाही, तो हाताने हलवायच्या लिव्हरवर वापरा, क्लॅम्पवर नको.

## ४. बळाची दिशा: शँकला वाकवायचं नाही

रॉड एंड दांड्याच्या रेषेतलं बळ घेण्यासाठी असतो. आडवं बळ त्याला सोसत नाही. किती सोसत नाही ते पाहा. एम१० चा बाहेरचे आटे असलेला शँक २० मिमी बाहेर काढून ठेवला आहे आणि टोकावर फक्त ३०० न्यूटनचं, म्हणजे साधारण ३० किलोचं, आडवं बळ आलं. आट्यांच्या तळाचा व्यास ८.१६ मिमी. त्यावरचा वाकण्याचा ताण येतो दर चौरस मिमीला सुमारे ११२ न्यूटन. तेच ३०० न्यूटन सरळ ओढीत आले असते तर ताण ६ च्या आसपास असता. जवळजवळ वीस पट फरक, आणि आट्यांच्या खाचेमुळे वाढणारा ताण यात अजून धरलेलाच नाही.

शँक नकळत वाकवला जातो तो असा:

- अडथळा टाळण्यासाठी लिंकच्या दांड्याला बाक दिला जातो. बाक दिलेला दांडा दोन टोकांमधली रेषा सोडतो आणि वाकायला लागतो. अडथळा हलवा किंवा लिंक दुसरीकडून न्या.
- लिंकच्या मधोमध आणखी काही जोडलं जातं: स्प्रिंग, सेन्सरचा ब्रॅकेट, हँडल.
- सस्पेन्शनच्या आर्मला वेल्ड केलेल्या तुकड्यात रॉड एंड बसवून चाकाचा भार आडवा घेतला जातो. विद्यार्थ्यांच्या गाड्यांत हे इतकं दिसतं की तपासनीस पहिल्यांदा तिथेच बघतात. तिथे आर्ममध्ये प्रेसफिट बसणारं गोलाकार बेअरिंग हवं.

बोल्टच्या रेषेतलं बळ, म्हणजे बॉलला डोक्यातून बाजूने ढकलणारं, हेही वाईट. सरळ क्षमतेच्या दहा टक्क्यांपलीकडे तिथे भरवसा ठेवू नका.

## ५. बॉल कशावर घासतो?

स्टीलचा बॉल, ब्राँझचं आतलं कडं, ग्रीस निप्पल. एसपीएम, पॅकिंग मशीन, शेती अवजारं यांसाठीचा कामाचा नग. धक्का सोसतो, उलटसुलट बळ सोसतो, पण ग्रीस लागतं. निप्पल कुठल्या बाजूला येणार आणि ग्रीस गनचं तोंड तिथे पोचणार का, हे आधीच बघा. निप्पल प्लेटच्या आड गेलं की त्या जोडाला पुन्हा कधी ग्रीस मिळत नाही.

टेफ्लॉनचं अस्तर. नव्यात प्ले (सैलपणा) जवळजवळ नसतो आणि ग्रीस लागत नाही. मोजमापाचं, सेन्सरचं, व्हॉल्व्ह हलवायचं लिंकेज असेल तर हाच. एका दिशेने राहणारं बळ त्याला मानवतं. दर सेकंदाला दिशा बदलणारं जड बळ आणि धक्के यांनी अस्तर पिचतं, आणि अस्तर गेलं की प्ले एकदम वाढतो. याला ग्रीस लावू नका. ग्रीसवर धूळ आणि बारीक चिप्स चिकटतात आणि अस्तरात रुततात.

स्टीलवर स्टील. मोठी मापं, जड बळ, सावकाश हालचाल. ग्रीस चुकलं की कुरकुरतो आणि बॉलवर ओरखडे पडतात.

आत वेगळं कडं नसलेला, स्वस्तातला. डोकंच बॉलवर दाबून बसवलेलं असतं. थ्रॉटल, हाताचा लिव्हर, कधीतरी फिरवायचा अॅडजस्टमेंट रॉड इथे ठीक. सतत चालणाऱ्या जोडावर नाही.

प्लॅस्टिकचे वजनाला हलके असतात आणि पाण्याला भीत नाहीत, पण उष्णतेजवळ आणि धक्क्याच्या ठिकाणी टाळा. स्टेनलेस मागवताना डोकं आणि बॉल दोन्ही स्टेनलेस आहेत का ते विचारा. एकच स्टेनलेस असलेले नगही त्याच नावाने विकले जातात. स्टेनलेसचे आटे स्टेनलेसमध्ये कोरडे फिरवले तर जाम होतात, तेव्हा अँटी-सीझ पेस्ट लावा.

प्ले कुठे महत्त्वाचा आहे हेही बघा. आपल्या उदाहरणात सिलिंडरकडच्या जोडातला ०.१ मिमी प्ले लिंकपर्यंत ०.०४ होऊन पोचतो, लिंकमधला मात्र जसाच्या तसा क्लॅम्पवर येतो. पैसे लिंकच्या दोन नगांवर घाला.

## ६. आटे

इथे सगळ्यात जास्त माल परत येतो.

पिच. स्टॉकमध्ये सहज मिळणारे रॉड एंड जाड पिचचे असतात: एम१० × १.५, एम१२ × १.७५, एम१६ × २. आयएसओ १५५५२ प्रमाणाच्या सिलिंडरचे पिस्टन रॉड मात्र बारीक पिचचे:

- ३२ मिमी बोअर: एम१० × १.२५
- ४० मिमी: एम१२ × १.२५
- ५० आणि ६३ मिमी: एम१६ × १.५
- ८० आणि १०० मिमी: एम२० × १.५

म्हणजे आपल्या ६३ च्या सिलिंडरला स्टॉकमधला एम१६ चा नग बसणार नाही. तो दोन आटे फिरतो आणि अडतो. मग फिटर पाना लावून 'जरा टाइट आहे' म्हणत तो आत ढकलतो, आणि पिस्टन रॉडचे आटे कायमचे बाद होतात. मागवताना पिच लिहून द्या, आणि आलेला नग हाताने पूर्ण फिरतो का ते बघा.

इंची नग. जुन्या मशीनवर आणि आयात मालात ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचे नग येतात. बोअर ९.५२५ मिमी. १० चा बोल्ट त्यात जात नाही, म्हणून कोणीतरी ते रीमरने वाढवतो. बॉल कडक असतो, त्यात रीमरही मरतो आणि बोअरही वाकडं होतं.

आतले आटे की बाहेरचे? बाहेरच्या आट्यांचा नग सरळ पाइपच्या टोकात जातो. आतल्या आट्यांचा नग सिलिंडरच्या रॉडवर किंवा स्टडवर बसतो. जागा कमी असेल आणि आडव्या धक्क्याची शंका असेल तर आतल्या आट्यांचा बरा.

सुलटे आणि उलटे. लिंक न काढता लांबी बदलायची असेल तर एका टोकाला सुलटे, दुसऱ्या टोकाला उलटे आटे हवेत. दोन्ही एम१० × १.५ असतील तर पाइपच्या एका फेऱ्याला लांबी ३ मिमी बदलते. दोन्ही सुलटे ठेवले तर पाइप कितीही फिरवा, एका टोकाला जेवढं बाहेर तेवढंच दुसऱ्या टोकाला आत. मग लांबी बदलायला एक बोल्ट काढून डोकं अर्ध्या फेऱ्याने फिरवावं लागतं, म्हणजे ०.७५ मिमीच्या टप्प्याने. उलट्या आट्यांचा टॅप आणि चेकनट (शँक जागेवर पक्का धरणारा नट) वेगळे मागवावे लागतात, ते यादीत लिहायला विसरू नका. फार बारीक सेटिंग हवं असेल तर दोन्ही टोकं सुलटी, पण एक १.५ आणि दुसरं १.२५ पिचचं ठेवा. एका फेऱ्याला फक्त पाव मिमी सरकतं.

## ७. ऑर्डरमध्ये काय लिहायचं

बाजारात दोन प्रकारची नावं चालतात. पीओएस म्हणजे बाहेरचे आटे, पीएचएस म्हणजे आतले. दुसऱ्या पद्धतीत एसए म्हणजे बाहेरचे, एसआय म्हणजे आतले. पुढचा आकडा बोअरचा. 'एल' अक्षर उलट्या आट्यांसाठी. 'टी/के' असेल तर बहुधा टेफ्लॉनचं अस्तर.

आयएसओ १२२४०-४ मध्ये मापांच्या के आणि ई अशा मालिका आहेत, आणि बोअर सारखं असलं तरी त्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत. १० च्या बोअरला के मालिकेचा बॉल १४ मिमी रुंद, ई मालिकेचा ९ मिमी. फोर्क एकासाठी केला आणि दुसरा नग आला, तर ५ मिमीची फट वॉशरने भरत बसावं लागतं.

म्हणून एवढं लिहा: मालिका, बोअर, बॉलची रुंदी, आटे आत की बाहेर, आट्यांचं माप आणि पिच, सुलटे की उलटे, अस्तर, निप्पल हवं की नको, किमान स्थिर क्षमता, चेकनट सोबत.

माल आल्यावर तपासा: बॉलची रुंदी व्हर्निअरने, पिच गेजने. बॉल बोटाने फिरवून बघा. टेफ्लॉनवाला घट्ट पण सारखा फिरला पाहिजे, मधेच अडकता कामा नये. ब्राँझवाला मोकळा फिरेल.

## ८. फोर्क, पाइप आणि बोल्ट

फोर्क. रॉड एंड दोन प्लेटांच्या मधेच बसवा. एकाच प्लेटला बाहेरून टांगला तर बोल्ट वाकतो आणि बॉल निसटला तर अडवायला काही नसतं. एकाच प्लेटवर बसवणं टळतच नसेल, तर बोल्टच्या मोकळ्या टोकाला बॉलपेक्षा मोठ्या व्यासाचा वॉशर लावा आणि बॉल व वॉशर यांच्या मधे १३ मिमीचा स्पेसर ठेवा, म्हणजे कोनही मिळेल आणि अस्तर गेलं तरी डोकं निघून येणार नाही. विद्यार्थ्यांच्या रेसिंग गाड्यांच्या फॉर्म्युला एसएई स्पर्धेच्या नियमांतही अशीच अट आहे.

फोर्कची फट बॉलपेक्षा ०.१ ते ०.३ मिमी जास्त ठेवा. १४ च्या बॉलला १४.१ ते १४.३. फट १५ असेल तर बोल्ट आवळताना प्लेटा आत वाकतात आणि वेल्डवर ताण राहतो. वेल्डिंग करताना १४.२ मिमीचा डमी तुकडा बोल्टने आवळून मग टॅक मारा, नाहीतर वेल्ड थंड होताना प्लेटा आत ओढल्या जातात.

खबरदारी: रॉड एंड लावलेला ठेवून वेल्डिंग नको. अस्तर जळतं, आणि अर्थ चुकीच्या जागी असेल तर करंट बॉलमधून जाऊन त्यावर खड्डे पडतात. पावडर कोटिंगच्या आधी प्लेटांच्या आतल्या बाजू आणि आटे झाका.

पाइप. टोकाला टॅप मारलेला तुकडा घालून वेल्ड करत असाल तर टॅप वेल्डनंतर मारा. एम१० × १.५ साठी ८.५ चं ड्रिल, × १.२५ साठी ८.८ चं. भोक लेथवरच मारा. हँड ड्रिलने तिरकं गेलेलं भोक म्हणजे शँकला जन्मतःच बाक. शँक पाइपमध्ये स्टीलला किमान व्यासाएवढा आणि शक्यतो दीडपट, अॅल्युमिनियमला दोनपट गेला पाहिजे. एम१० च्या शँकवर २८ मिमी आटे असतील तर १५ आत, ५ मिमीचा पातळ चेकनट, आणि फक्त ८ मिमी बाहेर. पाइपच्या तोंडापासून १५ मिमीवर २ मिमीचं तपासणीचं भोक मारा. त्यातून तार आरपार गेली तर शँक पुरेसा आत नाही.

बोल्ट. ८.८ ग्रेडचा आणि बॉलच्या पूर्ण रुंदीत आटे नसलेला. ८ मिमीच्या दोन प्लेटा, १४ चा बॉल आणि दोन्ही टोकांना २ मिमीचे वॉशर असतील, तर एकूण ३४ मिमी. एम१० च्या अर्ध्या आट्यांच्या बोल्टवर आटे साधारण २६ मिमी असतात. ५५ लांबीचा बोल्ट घेतला तर सपाट भाग २९ मिमी, तो दुसऱ्या प्लेटमध्ये ५ मिमी शिरतो. हाच बरोबर. ५० घेतला तर आटे दुसऱ्या प्लेटच्या कडेपासूनच सुरू होतात, आणि ६० घेतला तर सपाट भाग ३४ होऊन नट आट्यांच्या शेवटी अडतो. बॉल आवळलेला वाटतो, पण नसतो. पूर्ण आट्यांचा बोल्ट तर कधीच नाही, आट्यांची कानस होऊन बोअर लांबट होतं.

बॉल दोन प्लेटांच्या मधे घट्ट आवळलेलाच हवा. हालचाल बॉल आणि डोक्याच्या मधे व्हायला हवी, बोल्ट आणि बॉलच्या मधे नाही. शोल्डर बोल्ट वापरणार असाल तर १० च्या बोअरला १० चा शोल्डर, म्हणजे पुढचे आटे एम८. फिट बोल्ट म्हणून मिळणाऱ्या एम१० चा सपाट भाग ११ मिमीचा असतो, तो या बोअरमध्ये जाणारच नाही.

## ९. लांबी, डोक्यांची दिशा, चेकनट

लिंकची लांबी बोअरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची. दोन्ही बोअरच्या आतल्या कडांमधलं अंतर व्हर्निअरने घ्या आणि त्यात बोअरचा व्यास मिळवा.

1. दोन्ही टोकांचे नग सारखेच आत घ्या. एक पूर्ण आत आणि दुसरा जेमतेम आट्यांवर असं नको.
2. लिंक बसवा, बोल्ट आवळा, मशीन हाताने दोन्ही टोकांपर्यंत फिरवा.
3. लांबी जुळवा. लिंकेज मधल्या स्थितीत असताना लिंक लिव्हरशी काटकोनाच्या जवळ हवी.
4. पाइप हातात धरून तो स्वतःभोवती पुढे-मागे फिरवा. दोन्ही बाजूंना सारखाच थोडासा फिरला पाहिजे.
5. डोकं पान्याने पकडून ठेवा आणि मग चेकनट आवळा.
6. चौथी पायरी पुन्हा करा.

सहावी पायरी गाळली जाते, आणि बहुतेक नव्या लिंक तिथेच खराब होतात. चेकनट आवळताना डोकं त्याच्याबरोबर फिरतं आणि फोर्कच्या प्लेटला टेकून बसतं. दोन डोकी एकमेकांच्या उलट्या दिशेने टेकली की साडेसात अंशांतले एक-दोनच उरतात. मशीन चालतं, आवाजही येत नाही, पण प्रत्येक फेरीत दोन्ही शँक पिळले जातात. आवळल्यावर पाइप अजिबात फिरत नसेल, किंवा एकाच बाजूला फिरत असेल, तर चेकनट सोडा आणि पुन्हा करा.

लॉकटाइट वापरायचं असेल तर आट्यांवर एकच थेंब, आणि डोकं खाली असताना नाही. तो ओघळून बॉलवर गेला तर रॉड एंड चिकटून बसतो. शेवटी चेकनट आणि पाइप यांच्यावरून पेंटची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट सुटला.

## १०. चालू झाल्यावर

पहिल्या शिफ्टनंतर पेंटच्या रेघा आणि प्लेटांवरचे घासे बघा. निप्पलवाल्या नगांना ग्रीस देताना लिंकेज सावकाश हलवत राहा आणि बॉलच्या दोन्ही बाजूंनी नवं ग्रीस दिसेपर्यंत द्या. एका जागी उभ्या जोडात ग्रीस एकाच कडेने बाहेर पडतं. हालचाल चार-पाच अंशांचीच असेल तर ग्रीस घासणाऱ्या जागेवरून बाजूला सारलं जातं आणि परत येत नाही, तेव्हा तिथे वरचेवर द्यावं लागतं.

प्ले बघायला हवा बंद करा, डायल गेज लिंकच्या टोकाला लावा आणि दांडा हाताने ओढा-ढकला. नवा असतानाचा आकडा लिहून ठेवलेला असेल तरच आजच्या आकड्याला अर्थ. टेफ्लॉनच्या नगाभोवती काळपट भुकटी आणि जाणवण्याइतका प्ले दोन्ही दिसले की नग बदला, घट्ट करायला जागा नसते. डोक्यावर हातोडीने ठोकून प्ले घालवण्याची युक्ती काही जण करतात. त्याने डोक्याला चीर पडते.

बदलताना लिंकचे दोन्ही नग एकदम बदला, बोल्टही. काढण्यापूर्वी मध्य ते मध्य लांबी मोजून पाइपवरच मार्करने लिहा, आणि कुठल्या टोकाला उलटे आटे आहेत तेही.